मोगली, अहसोका आणि गाळलेली वर्षं

आमच्या घरात भांडणं फारशी होत नाहीत. झाली तरी पाण्याच्या मोटरवरून, नाहीतर वायफायवरून. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एक भांडण झालं ते चक्क कार्टूनमधल्या एका मुलीवरून, आणि बघता बघता त्यात तीन पिढ्या उतरल्या. म्हणून ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

माझी लेक चौदा वर्षांची आहे आणि स्टार वॉर्सची वेडी आहे. तसा मीही एकेकाळी होतो. नागपूरला कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसमोर आम्ही सहा जणांनी दाटीवाटीने बसून ते सगळे सिनेमे पाहिले होते. त्यामुळे या विषयात घरात माझा शब्द शेवटचा, अशी माझी समजूत होती. फराळ करता करता लेक म्हणाली, "सगळ्या स्टार वॉर्समध्ये अहसोका बेस्ट." मी चकलीचा तुकडा मोडत म्हणालो, "अगं, अहसोका मुळात नव्हतीच. ती कार्टूनवाल्यांनी नंतर घुसवली. खरं स्टार वॉर्स म्हणजे सिनेमे."

तिने प्लेट खाली ठेवली. "आणि पप्पा, तुमचा तो बूमरँगवाला मोगली? तो तरी मुळात होता का?"

आतल्या खोलीतून माझे बाबा मोठ्याने हसले. मला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. ते कळायला पुढचे दोन दिवस लागले.

एका वाक्यातलं युद्ध

ज्यांना स्टार वॉर्सची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला सिनेमा आला १९७७ साली. त्यात ओबी-वान नावाचा म्हातारा जेडाय योद्धा नायकाला बोलता बोलता सांगतो की तुझे वडील आणि मी क्लोन युद्धात एकत्र लढलो. बस, एवढंच. कोणतं युद्ध, कोण कोणाशी लढलं, काही नाही. लोक पंचवीस वर्षं अंदाज बांधत बसले. त्यावर कादंबऱ्या आणि कॉमिक्स निघाली.

मग २००२ सालच्या सिनेमात ते युद्ध सुरू होताना दाखवलं आणि २००५ सालच्या सिनेमात संपताना. त्याच शेवटात ॲनाकिन स्कायवॉकर हा गुणी जेडाय बिघडतो आणि डार्थ व्हेडर होतो. पण कथेच्या हिशेबाने या दोन सिनेमांमध्ये तीन वर्षं जातात. ती तीन वर्षं सिनेमे सरळ उडी मारून ओलांडतात. खुद्द युद्ध राहतं ते मधल्या फटीत.

त्या फटीत कार्टून शिरलं. २००३ ते २००५ मध्ये छोट्या छोट्या भागांची एक मालिका येऊन गेली, पण खरा बदल केला तो २००८ साली आलेल्या 'द क्लोन वॉर्स'ने. मूळ निर्माते जॉर्ज लुकास स्वतः तिच्यामागे होते आणि दिग्दर्शनाची सूत्रं डेव्ह फिलोनी यांच्याकडे होती. मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत सात पर्वं आणि १३३ भाग झाले. शेवटचा भाग ४ मे २०२० रोजी आला. आपण सगळे टाळेबंदीत घरात बसलो होतो तेव्हा. माझी लेक नऊ वर्षांची होती. ती मोबाईलवर तासन् तास काय बघत होती, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. तिने आधी मालिका पाहिली आणि सिनेमे नंतर. माझा सगळा क्रम तिच्याकडे उलटा आहे.

"सांग बरं, मालिकेने काय बदललं?" मी विचारलं. तिने बोटं मोजायला सुरुवात केली.

पहिली अहसोका टानो. मालिकेच्या सुरुवातीला चौदा वर्षांची असलेली ही मुलगी योडा ॲनाकिनकडे शिष्य म्हणून पाठवतो. सिनेमांत ॲनाकिनला शिष्य वगैरे कोणी नाही, तिचा उल्लेखसुद्धा नाही. आता मालिका पाहिलेला माणूस २००५ चा सिनेमा बघतो तेव्हा तिची गैरहजेरीच त्याला जाणवत राहते. पाचव्या पर्वाच्या शेवटी अहसोकावर खोटा आळ येतो, जेडाय मंडळी तिला वाऱ्यावर सोडतात, आणि निर्दोष ठरल्यावर तिला परत बोलावतात तेव्हा ती नाही म्हणून निघून जाते. ॲनाकिन बघत राहतो. "पप्पा, सिनेमात तो एवढ्या पटकन का बिघडतो ते कळतच नाही. मालिका पाहिली की कळतं. त्याचं माणूस आधीच गेलेलं असतं."

दुसरे क्लोन सैनिक. सिनेमात हे एकसारख्या चेहऱ्याचे हजारो शिपाई. शेवटी वरून एक हुकूम येतो आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले त्याच जेडाय सेनापतींवर ते गोळ्या झाडतात. मालिकेने या शिपायांना नावं दिली. रेक्स, कोडी, फाइव्हज. वेगळे स्वभाव दिले, हेल्मेटवर वेगळे रंग दिले. आणि सहाव्या पर्वात, २०१४ साली, दाखवलं की त्यांच्या मेंदूत जन्मापासूनच एक चिप बसवलेली होती. त्यांनी हुकूम पाळला नाही, त्यांच्याकडून तो पाळून घेतला गेला.

तिसरा डार्थ मॉल. १९९९ च्या सिनेमात कमरेतून दोन तुकडे होऊन विहिरीसारख्या खोल भुयारात पडलेला हा खलनायक चौथ्या पर्वात चक्क जिवंत सापडतो. आम्ही हॉस्टेलवाले असतो तर हसून मोकळे झालो असतो. पण मालिका त्याला अशी काही कथा देते की शेवटी त्याची कीव येते.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की आजवरच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स ही अधिकृत कथा नाही, त्या आता फक्त दंतकथा. अधिकृत राहिले ते सहा सिनेमे आणि ही कार्टून मालिका. ज्यांनी वीस-वीस वर्षं त्या कादंबऱ्या जमवल्या, त्यांना काय वाटलं असेल? मुलांचं म्हणून हिणवलेलं कार्टून दिवाणखान्यात आणि त्यांची पुस्तकं माळ्यावर.

चिपबद्दल माझीही एक तक्रार आहे, आणि ती अजून गेलेली नाही. सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता तो याच गोष्टीने, की चांगली माणसंसुद्धा वरून हुकूम आला म्हणून काहीही करू शकतात. चिप आली आणि शिपाई निर्दोष सुटले. आपल्याला ते आवडू लागले, पण तो जुना प्रश्न बोथट झाला. लेकीला हे सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, "हे पटलं. पण मला फाइव्हजसाठी रडू आलं होतं, ते पण खरं आहे ना?" मी गप्प झालो.

वैनगंगेचा पोरगा

आता बूमरँगकडे येतो.

आपण बालाघाटचे लोक मोगलीला घरचाच समजतो. का नाही समजणार? पुस्तकात सिवनीच्या टेकड्या आहेत, कान्हीवाडा गाव आहे आणि आपली वैनगंगा तर ठायी ठायी आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाणारी नदी हीच. कान्हाचं जंगल मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, त्याचं मुक्की गेट आपल्याच जिल्ह्यात. पेंचच्या बाजूला तर मोगलीच्या नावाचं अभयारण्यच आहे.

माझा मोगली मला १९९३ साली भेटला, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. मी नऊ वर्षांचा होतो. अँटेना फिरवायला मोठा भाऊ गच्चीवर, "आलं का?" "आलं, आलं, हलवू नको!" अशी आरडाओरड, आणि मग ते गाणं. विशाल भारद्वाजांचं संगीत आणि गुलजारांचे शब्द. आजही चाळिशीतल्या कोणालाही त्याची चाल नुसती गुणगुणून दाखवा, पुढचं तो स्वतःच म्हणेल. शेर खानचा आवाज होता नाना पाटेकरांचा. तो आवाज ऐकून माझा चुलतभाऊ पलंगाखाली जाऊन बसायचा.

ती मालिका जपानी होती हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये केलेले ५२ भाग, हिंदीत आणलेले. त्यात मोगलीच्या हातात बूमरँग होतं आणि किची नावाचा गोंडस लाल पांडा त्याचा दोस्त होता. आता विचार करा. बूमरँग ऑस्ट्रेलियाचं. लाल पांडा हिमालयाच्या थंड जंगलांतला. सातपुड्याच्या साल आणि सागवानात त्याचं काय काम? पण आम्हा पोरांना हे कधी खटकलंच नाही. आम्ही बांबूच्या कामट्या वाकवून बूमरँग करायचो. ते परत कधीच यायचं नाही, शेजाऱ्यांच्या कौलांवर जाऊन बसायचं.

त्याआधी १९६७ मध्ये डिस्नेनेही सिनेमात असेच बदल केले होते. पुस्तकातला बालू हा जंगलाचा कायदा शिकवणारा, प्रसंगी चापट मारणारा मास्तर, तो तिथे आळशी गमत्या झाला. पुस्तकातला का अजगर मोगलीचा मित्र, तो तिथे कपटी झाला. माकडांना पुस्तकात राजाच नाही, तिथे ओरांगउटान राजा बसवला. रशियाच्या कार्टूनमध्ये तर बगीरा मादी आहे. ज्या देशात जे पहिलं पाहिलं, तेच त्या देशाचं खरं.

बाबांचा मोगली

बाबा का हसले, ते त्या रात्री जेवताना कळलं.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं. मी सहा-सात वर्षांचा असताना ते मला संध्याकाळी वैनगंगेच्या काठाने फिरायला न्यायचे आणि मराठीतून मोगली सांगायचे. मी हे विसरलोच होतो. त्यांच्या मोगलीत शेर खान मरतो तो म्हशींच्या कळपाखाली. मोगली कळपाचे दोन भाग करतो, वाघ नदीच्या कोरड्या घळीत झोपलेला असतो, आणि दोन्ही तोंडांकडून म्हशी घुसवतो. पुस्तकातही ती घळ वैनगंगेचीच आहे. बाबा काठावरची एक घळ दाखवून म्हणायचे, "हीच ती."

"मग सीरियल आली," बाबा म्हणाले. "एकदा मी म्हशींची गोष्ट सांगत होतो, तर हा म्हणाला, 'बाबा, असं नसतं. मोगलीकडे बूमरँग आहे. तुम्हाला नीट माहीत नाही.'"

"मी असं म्हणालो?"

"हो. मी म्हटलं, बरं."

त्यानंतर त्यांनी मला मोगली कधीच सांगितला नाही. मी कधी मागितलाही नाही, रविवार होता ना. बत्तीस वर्षं झाली. मला घास गिळेना. मी काहीतरी बोलायला लागलो, तर बाबांनी हाताने थांबवलं. "अरे, नऊ वर्षांचा होतास. आणि खरं सांगू? शेर खान माझ्यापेक्षा नाना पाटेकरच चांगला करायचे."

आई म्हणाली, "ते काही नाही, मागच्या खोलीत पेपर उघडून बसायचे दर रविवारी. पण कान गाण्याकडे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. बाबांनी सांगितलेला मोगली मी कार्टूनच्या जोरावर खोटा ठरवला होता, आणि आता तिचं कार्टून मी सिनेमांच्या जोरावर खोटं ठरवत होतो. दोन्ही वेळा समोरच्याची गोष्ट बंद करणारा मीच.

"हेच तर क्लोन वॉर्स!"

दुसऱ्या दिवशी लेक आजोबांना म्हणाली, "आजोबा, तुमचावाला मोगली सांगा. पहिल्यापासून." बाबांनी चष्मा पुसला, थोडे आढेवेढे घेतले, मग सुरू झाले. लांडग्यांच्या गुहेत नागडं पोर येतं, शेर खान दाराशी गुरगुरतो, आई लांडगीण त्याला हाकलते, बगीरा एका बैलाच्या मोबदल्यात पोराला टोळीत घेतो. आणि मग बाबा म्हणाले, "इथे लेखक दहा-अकरा वर्षं गाळतो. सरळ सांगतो की ती वर्षं सोडून द्या, लांडग्यांमध्ये मोगलीने काय मजा केली असेल याची कल्पना तुम्हीच करा."

लेक ताडकन उठून बसली. "गाळली? दहा वर्षं? आजोबा, हेच तर क्लोन वॉर्स!"

आणि मला एकदम लख्ख दिसलं. किपलिंगने जी दहा वर्षं गाळली, नेमकी त्यातच जपानी मालिका राहायला गेली. पुस्तकातल्या लांडगेबापाला नाव नाही, जपानी मालिकेने त्याला अलेक्झांडर म्हटलं, भावंडं दिली, खेळ दिले, भांडणं दिली. ओबी-वानच्या एका वाक्यात आणि दोन सिनेमांमधल्या तीन वर्षांत अहसोका राहायला गेली. मूळ लेखकाने जागा मोकळी सोडली, कार्टूनने ती भाड्याने घेतली, आणि काही वर्षांनी लोक घर तिच्याच नावाने ओळखू लागले.

"हे काही टीव्हीनेच सुरू केलंय असं नाही," बाबा म्हणाले. "लक्ष्मणरेषा सगळ्यांना माहीत आहे ना? वाल्मीकींच्या रामायणात ती नाही. मागाहून आली. आता काढून दाखव बरं ती रामायणातून."

"मग मूळ कशाला म्हणायचं?" मी विचारलं.

"मूळ असतंच. ते वाचावं, म्हणजे नवीन माणसाने काय घातलं आणि काय काढलं ते कळतं. पण किपलिंग तरी कुठे इथला? मुंबईत जन्मला खरा, पण 'जंगल बुक' लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. सिवनीचं जंगल त्याने घेतलं ते स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाच्या १८७७ च्या पुस्तकातून आणि ऐकीव माहितीतून. मोगली हे नावसुद्धा त्याने मनानेच केलं."

म्हणजे १८९४ चं मूळ पुस्तकसुद्धा आपल्या नदीकडे लांबूनच बघत होतं.

नवीन मालिका चांगली की वाईट हे ठरवायला लेकीने मग तिच्या वहीत तीन प्रश्न लिहिले. ते तिच्या परवानगीने देतो. एक, मूळ गोष्टीत खरंच मोकळी असलेली जागा तिने भरली, की भरलेली जागा खोदून काढली? दोन, जुनी गोष्ट पुन्हा बघताना आता जास्त कळतं की कमी? तीन, नवीन घालताना जुन्यातलं काय गेलं? अहसोका तिन्हींत पास झाली. चिप दुसऱ्यात पास, तिसऱ्यात काठावर. किचीला पहिल्यात पूर्ण मार्क, भूगोलात शून्य.

ज्यांना मालिका बघायला वेळ नाही पण मुलांशी यावर बोलायचंय, अशा पालकांसाठी तिने बारा भाग निवडलेत: पाचव्या पर्वाचे शेवटचे चार, सहाव्याचे पहिले चार आणि सातव्याचे शेवटचे चार. शेवटचे चार तर २००५ च्या सिनेमाच्या बरोबरीने चालतात. सिनेमातला एकही प्रसंग न बदलता तोच काळ अहसोकाच्या बाजूने दाखवतात. मी ते सलग पाहिले. शेवटचा भाग संपल्यावर उठून पाणी प्यायलो आणि लेकीला सांगितलं, "तुझं बरोबर होतं." तिने ही तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

काठावर

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं वैनगंगेवर गेलो. बाबा आता फार चालत नाहीत, म्हणून गाडी काठाजवळ लावली. त्यांची ती घळ काही सापडली नाही. चाळीस वर्षांत काठ बदलला आहे. त्यांनी दुसरीच एक दाखवून म्हटलं, "हीच ती." आणि म्हशींची गोष्ट पूर्ण सांगितली, दोन्ही कळपांसकट. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

परतताना बाबा म्हणाले, "पुस्तक झालं, सीरियल झाली, सिनेमे झाले. पण यात आपल्या इथले गोंड, बैगा कुठे आहेत? पुस्तकात एक गोंड शिकारी येतो आणि जातो. मोगलीला जंगल शिकवायला अस्वल आणलं, आणि बैहरच्या जंगलातल्या माणसाला काही विचारलंच नाही."

लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते पण गाळलेलंच आहे, आजोबा."

तिने काही लिहायला घेतलं आहे की नाही, मला माहीत नाही. विचारलंही नाही. वही मात्र आता तिच्या उशाशी असते, आणि रविवारी सकाळी बाबा मागच्या खोलीत पेपर वाचत नाहीत, दोघं गच्चीवर असतात.

तुमच्याही घरी अशी एखादी गोष्ट असेल. आजीची वेगळी, बाबांची वेगळी, मोबाईलवरची वेगळी. कोणाची खरी, यावर भांडण्याआधी एकदा सगळ्यांच्या पूर्ण ऐकून घ्या. मी बत्तीस वर्षं उशिरा ऐकली.